तीस दिवसांचं दुकान



बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय 'जुन्या दुकानांचा सर्जनशील पुनर्वापर'. हे शब्द ऐकले की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर साधारण एकच चित्र येतं. प्लास्टर खरवडून उघडी केलेली विटांची भिंत, जुनी लाकडी तुळई, वरून लोंबणारे पिवळे दिवे आणि खाली महागडी कॉफी. या चित्राची टिंगल करायला मी आलेलो नाही. कॉफी मलाही आवडते. पण जुन्या पेठेत पुन्हा जीव आला की नाही, हे त्या भिंतीवरून कळत नाही. ते करारातल्या एका ओळीवरून कळतं : जागा रिकामी करायची नोटीस किती दिवसांची? आज मी बोलणार आहे ते एवढ्या एका ओळीबद्दल. त्यासाठी आधी एका दूरच्या गावात जाऊ आणि मग परत आपल्या पेठांत येऊ.

ते गाव म्हणजे न्यूकॅसल. इंग्लंडमधलं नव्हे, ऑस्ट्रेलियातलं. सिडनीच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर, हंटर नदीच्या मुखाशी वसलेलं, कोळशाच्या निर्यातीसाठी जगभर ओळखलं जाणारं बंदर. १९१५ साली तिथे बीएचपी कंपनीचा पोलादाचा कारखाना सुरू झाला आणि गावाच्या कित्येक पिढ्या त्या भट्ट्यांवर जगल्या. २८ डिसेंबर १९८९ ला तिथे भूकंप झाला. ५.६ रिश्टरचा, तेरा माणसं गेली, गावाच्या मधल्या भागातल्या जुन्या इमारतींना मोठा तडाखा बसला. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, कारखानाही बंद झाला. मधल्या काळात उपनगरांत मॉल उभे राहिले होते, भरपूर पार्किंगवाले. गिऱ्हाईक तिकडे गेलं. हंटर स्ट्रीट हा गावचा मुख्य बाजाररस्ता, आपल्याकडचा लक्ष्मी रोड म्हणा, तो ओस पडला.

२००८ च्या सुमारास मार्कस वेस्टबरी नावाचा, याच गावात वाढलेला आणि तोवर मेलबर्नला स्थिरावलेला एक माणूस या रस्त्यावरून चालला आणि त्याने मधल्या भागातल्या रिकाम्या इमारती मोजल्या. दीडशे भरल्या. हा माणूस वास्तुरचनाकार नाही, नगररचनाकार नाही, कलामहोत्सव भरवणारा. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता. दीडशे जागा रिकाम्या आहेत आणि गावात जागा शोधणारे तरुण कारागीर आहेत, तर या दोघांची गाठ का पडत नाही?

आपल्याला वाटतं, रिकामं दुकान म्हणजे मालकाचं नुकसान. मग मालक भाडं उतरवून का देत नाही? इथे जरा गणित करू. समजा, एका इमारतीचं वर्षाचं भाडं दहा लाख रुपये आहे आणि घेणाऱ्याला आठ टक्के परतावा हवा आहे. मग तिची किंमत धरली जाते सव्वा कोटी. आता मंदी आली, दहा लाख कुणी देईना. मालकाने चार लाखांवर पाच वर्षांचा करार केला, तर त्याच हिशेबाने इमारतीची किंमत झाली पन्नास लाख. बँकेचं कर्ज सव्वा कोटीच्या भरवशावर घेतलेलं असेल तर संपलंच. उलट दुकान रिकामं ठेवून दारावर 'भाड्याने देणे आहे, दहा लाख' अशी पाटी लावली, तर कागदावर किंमत शाबूत. शिवाय तिथल्या करपद्धतीत अशा मालमत्तेवरचा तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येतो. म्हणजे बंद शटर हा मालकाचा आळस नसतो, बऱ्याचदा तो हिशेब असतो.

वेस्टबरीने हा हिशेब ओळखला. त्याने मालकांना सांगितलं, तुमचं भाडं उतरवू नका, करारच करू नका. म्हणजे भाडेकरार करू नका. 'रिन्यू न्यूकॅसल' नावाची एक ना-नफा कंपनी काढली. मालकाने या कंपनीला जागा वापरायची नुसती परवानगी द्यायची. कंपनीने ती पुढे कारागिरांना द्यायची. भाडं नाही, फक्त कंपनीला द्यायचं थोडं शुल्क. विमा कंपनीचा. भिंती पाडायच्या नाहीत, जिथे दुकान होतं तिथे दुकानासारखाच वापर ठेवायचा. आणि मुख्य कलम : ही परवानगी तीस-तीस दिवसांनी पुढे सरकणारी. खरा भाडेकरू मिळाला किंवा इमारत पाडायची वेळ आली, की तीस दिवसांत जागा मोकळी.

इथे बसलेल्यांपैकी कुणी घर भाड्याने घेतलं-दिलं असेल तर तुम्ही मनात म्हणाला असाल, अहो, हे तर आपलं लिव्ह अँड लायसन्स! तेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या ज्या कल्पनेचं जगभर कौतुक झालं, तिचा कायदेशीर गाभा आपल्याकडे गल्लीतल्या इस्टेट एजंटाला तोंडपाठ आहे. भाडेकरूला जागेत हक्क मिळतो, लायसन्सीला फक्त परवानगी मिळते. या फरकावर अख्खा महाराष्ट्र दर अकरा महिन्यांनी सामान बांधतो.

तर ही योजना चालली. चालली म्हणजे खरंच चालली. जीपीटी ग्रुप या मोठ्या मालमत्ता कंपनीने हंटर स्ट्रीटवरच्या मॉलभोवतीच्या बऱ्याच इमारती घेऊन ठेवल्या होत्या. २००८ च्या आर्थिक संकटात तिचा पुनर्विकास अडकला, आणि तिने इमारती वापरायला दिल्या. दागिने घडवणारे, छपाई करणारे, कपडे शिवणारे, छायाचित्रकार, असे लोक आले. शटर वर गेली. लोन्ली प्लॅनेटने २०११ साठीच्या आपल्या दहा शहरांच्या यादीत न्यूकॅसलचं नाव घातलं, आणि ज्या रस्त्यावरून लोक संध्याकाळी जायला बिचकत तिथे पाहुणे नकाशे घेऊन फिरू लागले. वेस्टबरीने पुढे या सगळ्यावर 'क्रिएटिंग सिटीज' हे पुस्तक लिहिलं, २०१५ साली.

हे पुस्तक वाचण्यासारखं आहे, आणि त्यातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट आधी सांगतो. शहर बदलायचं म्हटलं की आपण हार्डवेअरकडे धावतो. नवे पदपथ, नवे दिवे, कारंजी. आपल्याकडच्या 'स्मार्ट' म्हणवणाऱ्या कित्येक कामांचं काय झालं ते तुम्ही रोज पायाखाली बघता. वेस्टबरी म्हणतो, बिघाड सॉफ्टवेअरमध्ये आहे : परवानग्या, विमे, करार, अर्जांचे नमुने. ते बदला, इमारत आहे तशी चालेल. दुसरी गोष्ट, त्याने अपयश स्वस्त केलं. नव्या धंद्यांतले बरेच बुडतातच. पण बुडताना मंगळसूत्र गहाण पडू नये, एवढी सोय या योजनेने केली. आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून पागडी भरून पहिलं दुकान टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे या गोष्टीचं मोल मला कळतं.

जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांबद्दल लिहिताना हाच धागा पकडला होता. नव्या धंद्याला जुनी इमारत लागते ती तिच्या देखणेपणासाठी नाही. तिच्या बांधकामाचा खर्च कधीच वसूल झालेला असतो, म्हणून ती स्वस्तात परवडते. स्वस्ताई हा मुद्दा, विटा नाहीत. पुढे त्या विटांचीच फॅशन झाली आणि जुन्या इमारतींची स्वस्ताई गेली, तो भाग वेगळा.

आता माझी तक्रार. एकाच इमारतीची गोष्ट सांगतो. हंटर स्ट्रीटच्या त्या भागात डेव्हिड जोन्सचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं. गावातल्या लोकांनी शाळेचे गणवेश, लग्नाचे सूट जिथे घेतले, असं. २०११ मध्ये ते बंद झालं. एवढी प्रचंड वास्तू अंधारात. पुढे रिन्यू न्यूकॅसलने तळमजल्यावर 'एम्पोरियम' सुरू केलं, लहान-लहान कारागिरांच्या दुकानांचं. माणसं पुन्हा आत येऊ लागली. त्यानंतर तो सगळा पट्टा पुनर्विकासासाठी आयरिस कॅपिटल या कंपनीकडे गेला. फ्लॅट आले, नवी दुकानं आली. आणि त्या जुन्या स्टोअरच्या इमारतीत २०२२ मध्ये उघडलं एक आलिशान हॉटेल.

इमारत वाचली. दर्शनी भाग वाचला. वारसा जपणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात असंच झालं, मीही वाजवतो. पण ज्यांनी मधली वर्षं दिवे लावून ठेवले, काच पुसली, रस्त्याला पाहुणे मिळवून दिले, त्यांचा या वाढलेल्या किमतीत वाटा किती? शून्य. करारातच शून्य होता. कुणी फसवलं नाही, सगळं आधी सांगितलेलं होतं. माझी तक्रार लबाडीबद्दल नाहीच. योजनेचं यश आणि भाडेकरूचं बेदखल होणं या दोन गोष्टी एकाच कलमातून निघतात, आणि कौतुक करणारे त्यातली एकच सांगतात, ही माझी तक्रार आहे.

'शहर म्हणजे सॉफ्टवेअर' ही उपमा मला इथे अपुरी वाटते. सॉफ्टवेअर ठीक, पण सर्व्हर कुणाच्या मालकीचा? मालकाने स्विच बंद केला की तुमची सगळी कल्पकता तीस दिवसांत बंद. पुस्तक २०१५ चं, त्यामुळे हॉटेलपर्यंतचा शेवट त्यात असायचं कारण नाही. पण हा शेवट कराराच्या पहिल्या दिवशीच लिहिलेला होता, आणि त्याच्याशी लेखकाने अधिक झुंजायला हवं होतं.

आणखी एक. गाव पुन्हा उभं राहिलं ते या छोट्या दुकानांमुळेच, असंही सरसकट म्हणता येत नाही. न्यूकॅसल विद्यापीठाने हंटर स्ट्रीटवर मोठी इमारत बांधली, ती २०१७ ला सुरू झाली. मधली जड रेल्वे काढली आणि २०१९ ला ट्राम धावू लागली. यात सरकारचा पैसा आहे, आणि तो हार्डवेअरवरच गेला. त्याच सुमाराला, दहाएक वर्षं काम करून, रिन्यू न्यूकॅसलने आपला गाशा गुंडाळला. रिकामी दुकानंच फारशी उरली नाहीत तर योजना चालवायची कशावर?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तीस दिवसांची मुदत आपोआप माणसं निवडते. विचार करा, तीस दिवसांवर कोण दुकान टाकू शकेल? ज्याचा माल एका पेटीत मावतो तो. चांदीचे कानातले घडवणारी मुलगी टाकेल. चित्रकार टाकेल. पिठाची गिरणी टाकता येईल? जातं बसवायचं, थ्री फेज वीज घ्यायची, आणि महिन्याने काढायचं? किराणा दुकान टाकता येईल? किराणा उधारीच्या वहीवर चालतो, आणि तीस दिवसांत उधारी वसूल होत नाही. सायकल दुरुस्तीवाला, चष्मेवाला, शिंपी, यांच्याकडे माणसं वर्षानुवर्षं जातात ती 'तो तिथेच असतो' म्हणून. 'तो तिथेच असतो' हीच त्यांची सगळी जाहिरात. ही मंडळी तीस दिवसांच्या योजनेत बसतच नाहीत. म्हणून अशा रस्त्यांवर सुंदर वस्तू खूप मिळतात आणि बटण लावून मिळत नाही. 'सर्जनशील' या शब्दामागे कधीकधी एवढंच दडलेलं असतं : ज्यांना सहज हलवता येतं ते.

परत आपल्याकडे येऊ. आपण नेमका उलटा प्रयोग केला, आणि तोही जवळजवळ अर्धं शतक. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरची टंचाई, फाळणी, त्या वेळी त्याची गरज होती. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिला. दुकानदाराला इतकी पक्की मुदत मिळाली की ती आजोबांकडून नातवाकडे गेली. मालकाला येणाऱ्या भाड्यात भाडेपावतीचं पुस्तक छापून निघावं, फार तर. मग पागडी आली, हाताखालची, जागा बदलताना घ्यायची. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य झाली आहेत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीला कायदेशीर केलं, बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळलं.

परिणाम तुम्ही कुठल्याही जुन्या पेठेत उभे राहून बघा. खाली तीन पिढ्यांचं दुकान, जिवंत, गिऱ्हाइकांनी भरलेलं. वर सज्जाला लोखंडी टेकू आणि भिंतीतून उगवलेला पिंपळ. न्यूकॅसलमध्ये इमारत वाचली, दुकानदार गेला. आपल्याकडे दुकानदार वाचला, इमारत चालली. आणि शेजारचा गाळा कुलूपबंद, कारण एकदा दिला तर परत मिळणार नाही ही मालकाची धास्ती. ही धास्ती पूर्वानुभवातून आलेली आहे, तिला नुसतं हसून चालणार नाही.

मालक सरकारी असला तरी सुटका नाही. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि लिलाव करायचा की नूतनीकरण, भाडं कुठल्या दराने, थकबाकी किती, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. तिथे जागा रिकामी नव्हती, दुकानदार हजर होते. नव्हती ती मुदतीबद्दलची स्पष्टता.

जाता जाता एक सावधगिरी. 'नियम सैल करा, जुनी जागा वापरू द्या' हे वाक्य आपल्याकडे जपून म्हणायला हवं. मुंबईत कमला मिलच्या आवारात २०१७ च्या डिसेंबरात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा जण गेले. गिरणीच्या जागेचा तोही पुनर्वापरच होता. रिन्यू न्यूकॅसलने वापर बदलला नाही, विमा स्वतःकडे ठेवला, भिंतींना हात लावू दिला नाही. ही कंटाळवाणी शिस्त कौतुकाच्या लेखांत येत नाही, आणि आपल्याकडे नक्कल होते ती फक्त पिवळ्या दिव्यांची.

मग काय करायचं? तीस दिवस आणि तीन पिढ्या यांच्या मध्ये खूप मोठी जागा मोकळी आहे. पाच वर्षांचं नोंदणीकृत लायसन्स करता येतं. कायद्याची हरकत नाही, सवय नाही. भाडं पहिल्या वर्षी कमी, पुढे विक्रीच्या प्रमाणात चढतं ठेवता येतं, म्हणजे रस्ता वधारला तर मालकालाही मिळेल. नोटीस राहिलेल्या काळाच्या प्रमाणात वाढवता येते : एक वर्ष चालवलं तर दोन महिने, चार वर्षं चालवलं तर आठ. आणि जागा वाढीव भाड्याने द्यायची वेळ आली तर पहिली विचारणा आत बसलेल्याला. यातलं काहीही क्रांतिकारक नाही. मात्र मध्ये उभी राहणारी, दोघांचा विश्वास असलेली संस्था लागते. न्यूकॅसलकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. वेस्टबरीचं खरं काम ती मधली कंपनी आहे; तीस दिवस ही तिला मोजावी लागलेली किंमत.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, तुम्ही मालकांना फारच सोडून दिलंत. बंद गाळ्यावर जबर कर लावला तर उघडतीलच की झक मारून.

उघडतील काही. पण अर्धे बंद गाळे भावाभावांच्या वाटणीत अडकलेले असतात हो. सात वारस, त्यातला एक अमेरिकेत, एकाची सही मिळत नाही. तिथे कर लावला तर फक्त थकबाकी वाढेल. जिथे एकच मालक, मोठी कंपनी, आणि भाव चढायची वाट बघत बसलेली, तिथे लावा जरूर. दोन्हींना एकच औषध नको.

प्रश्न : म्हणजे रिन्यू न्यूकॅसल फसलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

नाही, नाही. ओसाड रस्त्यावर दहा वर्षं दिवे लावले त्यांनी, आणि सरकारच्या मानाने नगण्य पैशांत. काही जण तिथे हात बसवून नंतर पूर्ण भाड्याच्या दुकानांत गेले. फसलं ते आपलं वाचन. ते सुरुवात करून देणारं यंत्र होतं, आणि आपण त्याला गावाचं भविष्य समजलो.

प्रश्न : तीस दिवस कमी, मग किती दिवस पुरे?

दुकान कसलं आहे त्यावर आहे. शिंप्याला दोन दिवाळ्या लागतात. पहिल्या दिवाळीला लोक एखादा ब्लाऊज टाकून बघतात, दुसऱ्या दिवाळीला घरातलं सगळं घेऊन येतात. गिरणीवाल्याला जात्याचं कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं धरा. किराणावाल्याची उधारी कधी फिटते ते त्यालाच विचारा, मला काही सांगता यायचं नाही. आणि चांदीचे कानातले घडवणाऱ्या त्या मुलीला सुरुवातीला तीस दिवससुद्धा चालतील; पण तिने खाली एक मदतनीस ठेवली, की तिलाही नाही चालणार.